गोळ्या आईने घेतल्या, त्रास बाळाला: वॉर्डात नर्सने काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या एका हॉस्पिटलच्या एनआयसीयूत म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात चार महिन्यांपूर्वी लागलेली, जीएनएमचा नर्सिंग कोर्स केलेली एक मुलगी विचारते: 'पूर्ण दिवसांचं, 2.6 किलोचं बाळ. दुसऱ्या दिवसापासून कर्कश रडतं, हातपाय थरथरतात, दूध हावऱ्यासारखं ओढतं आणि लगेच उलटून टाकतं. आई पाठदुखीसाठी ट्रामाडॉलच्या कॅप्सूल घेत होती, हे तिसऱ्या दिवशी कळलं. डॉक्टर म्हणाले विथड्रॉल आहे, लक्ष ठेवा. नेमकं कशावर लक्ष ठेवायचं? सीनियर म्हणतात, आईला बाळाजवळ फार येऊ देऊ नकोस. ते बरोबर आहे का?'

तू माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची असशील, म्हणून अगं-तुगं करते. सत्तावीस वर्षं मी तान्ह्या बाळांच्या वॉर्डात काढली, बहुतेक सगळी नाशिकमध्येच.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, बरोबर नाही. त्या बाळासाठी तुमच्या युनिटमध्ये सगळ्यात जास्त गुण येणारी गोष्ट कुठली असेल, तर ती त्याची आई. सीनियरचा राग मी समजू शकते, मलाही पूर्वी यायचा. पण रागाने बाळ शांत होत नाही, छातीशी घेतल्याने होतं.

आता बाळाच्या आत काय चाललंय ते. ट्रामाडॉल हे अफूच्या जातीचं वेदनाशामक. कोडीनचं खोकल्याचं औषध, मॉर्फिन, हेरॉइन म्हणजे ब्राऊन शुगर, सगळी एकाच घराण्यातली. आईच्या रक्तातून वारेमार्गे ती बाळाला मिळत राहतात आणि बाळाची मज्जासंस्था त्या दाबाखाली वाढते. नाळ कापली की पुरवठा एका क्षणात बंद. दाब निघाला की स्प्रिंग उसळावी तसं सगळं उसळतं: रडणं, थरथर, घाम, शिंका, जांभया, जुलाब. हेच विथड्रॉल. या बाळाला 'व्यसनी बाळ' म्हणू नकोस, दुसऱ्यांनाही म्हणू देऊ नकोस. व्यसनात ओढ असते, शोध असतो. या जिवाच्या शरीराला नुसती सवय लागली आहे. फाइलवर पहिल्या दिवशी लिहिलेला शब्द पुढे लसीकरणाच्या रांगेपर्यंत बाळाच्या मागे जातो, हे मी पाहिलंय.

कुठलं औषध होतं त्यावर वेळ ठरते. हेरॉइनसारखं लवकर उतरणारं असेल तर बहुधा पहिल्या 24 तासांत त्रास सुरू होतो. ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन, म्हणजे व्यसन सोडवताना देतात ती बदली औषधं, असतील तर दोन-तीन दिवस बाळ अगदी शहाण्यासारखं झोपतं आणि मग बिनसतं, कधी पाचव्या दिवशीसुद्धा. म्हणून अशा बाळाला तिसऱ्या दिवशी 'सगळं छान' म्हणून घरी पाठवायचं नसतं. चार ते सात दिवस डोळ्यांसमोर ठेवायचं. दारूचा त्रास काही तासांतच दिसतो. झोपेच्या गोळ्यांचं, म्हणजे अल्प्राझोलाम, डायझेपाम यांचं वेगळंच. मालेगावकडे 'कुत्ता गोळी' म्हणतात, ती अल्प्राझोलामच. यात बाळ आधी लोळागोळा असतं, चोखत नाही, श्वास उथळ असतो. थरथर मागाहून येते आणि डायझेपामसारख्या रेंगाळणाऱ्या औषधात कधी आठवडा उलटल्यावरही येते. एमडी म्हणजे मेफेड्रोन, त्यासारख्या उत्तेजक पावडरींचं चित्र धूसर असतं. बाळ चिडचिडं किंवा उलट सुस्त, वजन कमी, बऱ्याचदा अपुऱ्या दिवसांचं. 2023 मध्ये इथे शिंदे गावात एमडीचा कारखाना पकडला गेला, तेव्हा वॉर्डात आम्ही एकमेकींकडे पाहिलं होतं. तोवर बाळंतिणीच्या माहितीत तो प्रश्नच आम्ही विचारत नव्हतो.

आणि मशेरी. तिला आपल्याकडे कुणी नशा मानतच नाही, 'दात घासते हो फक्त' म्हणतात. भाजलेली तंबाखूच ती. मुंबईत बाराशेवर गरोदर बायकांचा अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला होता. तंबाखू-मशेरी लावणाऱ्यांची बाळं सरासरी 105 ग्रॅमने हलकी भरली. निकोटिनचीही बाळं पहिले एक-दोन दिवस किरकिरी असतात. तेव्हा 'काही नशा करता का?' असं विचारू नकोस. त्याला उत्तर 'नाही' हेच येतं. 'दाताला काय लावता? झोपेसाठी काही घेता? दुखण्याला मेडिकलमधून काही आणता का?' असं विचार. आणि एकटीला गाठून विचार.

ही एकटीची गोष्ट मी चुकून शिकले. इथल्या सिडको भागातली एक मुलगी होती, दुसरं बाळंतपण. सासूबाई खाटेच्या पायथ्याशी बसलेल्या आणि मी त्यांच्यादेखत विचारलं. मान हलवून 'नाही' म्हणाली. दोन दिवस आम्ही जंतुसंसर्ग समजून बाळाला अँटिबायोटिक देत बसलो. तिसऱ्या रात्री टाके शेकायला तिला बाथरूमकडे नेलं, तेव्हा नळ सोडून, त्या आवाजात ती मला म्हणाली, 'सिस्टर, मी कॅप्सूल घ्यायचे. पाठीच्या. पाच-सहा रोज.' नळ तिने मुद्दाम सोडला होता हे मला रात्री घरी गेल्यावर कळलं. ट्रामाडॉल 2018 पासून एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळायला नको. मिळत होतं.

तुझ्या बाळाकडे येऊ. विथड्रॉल म्हटलं तरी आधी साखर तपास. थरथरणारं प्रत्येक बाळ गोळ्यांचं नसतं. टाचेतून थेंब घेऊन ग्लुकोज बघायचं. 45 mg/dL च्या खाली असेल तर आधी ते काम. कॅल्शियम, जंतुसंसर्ग, ताप हे डॉक्टर बघतीलच, पण त्यांना आठवण करून देणं तुझं काम आहे. माझ्या वरच्या गोष्टीत आम्ही उलट्या बाजूने चुकलो होतो, तशीच चूक या बाजूनेही होते: आईच्या कॅप्सूल सापडल्या की सगळे तपास थांबतात.

थरथर आणि झटका यातला फरक हाताने कळतो. थरथरणारा हात तुझ्या तळव्यात हलकेच धर, कोपरात दुमडून छातीशी आण. थांबला तर थरथर. तुझ्या मुठीतसुद्धा ठोके देत राहिला, डोळे एका बाजूला गेले, ओठ चावल्यासारखे हलले, श्वास अडखळला किंवा रंग बदलला तर तो झटका. मग वेळ बघ आणि ओरडून डॉक्टरांना बोलव, फोन शोधत बसू नकोस. अफूच्या जातीच्या विथड्रॉलमध्ये झटके कमी बाळांना येतात, पण येतात.

एक गोष्ट लेबर रूमसाठी, तिथल्या मैत्रिणींना सांग. आईला अशा औषधांची सवय आहे हे माहीत असेल आणि बाळ जन्मल्यावर श्वास घेत नसेल, तर बॅग-मास्कने श्वास द्यायचा. अफूच्या जातीच्या औषधांचा असर उतरवणारं नालॉक्झोन टोचायचं नाही. त्याने विथड्रॉल एका फटक्यात उसळतं, बाळाला झटके येऊ शकतात.

'लक्ष ठेवा' म्हणजे काय? जगभर यासाठी फिनेगन स्कोअर वापरतात. लोरेटा फिनेगन या अमेरिकन डॉक्टरांनी 1970 च्या दशकात तो बसवला: रडणं, झोप, थरथर, ताप, शिंका, शी अशा एकवीस गोष्टींना गुण. ओळीने तीनदा 8 किंवा जास्त, अथवा दोनदा 12 किंवा जास्त आले की औषधाचा विचार. तक्ता उपयोगी आहे, कारण प्रत्येक पाळीतली सिस्टर वेगळं बघते आणि तक्ता सगळ्यांना एकाच खिडकीत उभं करतो. पण तो पूर्ण दिवसांच्या, अफूवर्गीय औषध मिळालेल्या बाळांसाठी बनला आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला त्यात कमी गुण पडतात आणि आपण उगाच निर्धास्त होतो.

त्याची दुसरी अडचण आपण स्वतः. मी घड्याळाच्या काट्यावर बाळ उठवायचे. झोपलेलं, भुकेलं बाळ उघडं करून दिव्याखाली तपासलं तर ते रडणार नाही तर काय करणार? गुण 11. पुढच्या वेळी 10. डॉक्टर औषध वाढवणार. एका रात्री कामाच्या गडबडीत माझा तपास अर्धा तास लांबला. तोवर बाळ स्वतःहून उठलं, दूध प्यालं, आणि गुण आले 5. तेव्हापासून मी दूध पाजल्यावर, बाळ कुशीत असतानाच तपासायला लागले. तूही तसंच कर. बाळ जागं होईपर्यंत थांब आणि भुकेचं रडणं विथड्रॉलच्या खात्यात घालू नकोस.

अलीकडे याहून सोपी पद्धत आली आहे, अमेरिकेत येल विद्यापीठाच्या बालरोगतज्ज्ञांनी रुळवलेली. तिच्यात तीनच प्रश्न. बाळ एका वेळी नीट पितंय का, म्हणजे साधारण 30 मिली किंवा अंगावर व्यवस्थित? सलग तासभर झोपतंय का? रडायला लागलं तर दहा मिनिटांत समजूत पटते का? तिन्ही 'हो' असतील तर थरथर, शिंका दिसल्या तरी औषध नको. एखादं 'नाही' आलं तर आधी कारण शोधायचं, मग आपली शुश्रूषा वाढवायची, आणि तरीही 'नाही'च राहिलं तर औषध. 26 हॉस्पिटलांतल्या 1305 बाळांवरचा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. जुन्या पद्धतीत 52 टक्के बाळांना औषध लागलं, या पद्धतीत 19.5 टक्क्यांना, घरी जाण्याजोगी व्हायला सरासरी 14.9 दिवसांऐवजी 8.2 दिवस लागले. मला यात नवल वाटलं नाही. आपल्या आज्या 'खाल्लं का, झोपलं का, उगी राहिलं का' हेच तर विचारायच्या. फक्त तुमच्या युनिटमध्ये जी पद्धत ठरली असेल ती सगळ्या पाळ्यांनी एकच वापरा. सकाळी एक, रात्री दुसरी असं झालं तर तक्त्याला अर्थ उरत नाही.

आता हाताचं काम. बाळाची खाट दारापासून, फोनपासून, मॉनिटरच्या किणकिणाटापासून लांब हलव. आमचं युनिट रस्त्याच्या अंगाला होतं आणि गणपतीच्या आधी ढोलपथकांचा सराव सुरू झाला की या बाळांचे हाल व्हायचे. नाशिक ढोलाचा मला अभिमान आहे, पण त्या महिन्यात मी खाट आतल्या भिंतीला लावायचे. ट्यूबलाइट बंद, कोपऱ्यातला मंद दिवा चालू. तापमान, लंगोट, वजन, औषध सगळं एकाच वेळी उरकायचं आणि मग दोन-तीन तास हात लावायचा नाही. मावशींनाही सांगून ठेव. पुसायला आल्या की बादली आपटतात.

गुंडाळताना दोन्ही हात छातीवर, मुठी तोंडाजवळ, पाठ किंचित गोल, मांड्या मात्र मोकळ्या. पाय सरळ ओढून करकचून बांधू नकोस, खुब्याला त्रास होतो. बाळ पिसाळलं असेल तर तसंच गुंडाळून उभं कुशीत घे, एक हात ढुंगणाखाली, एक मानेमागे, आणि सावकाश वर-खाली हलव. डावी-उजवीकडे झुलवण्यापेक्षा याने लवकर शांत होतं. तोंडाकडे बघून बडबड करू नकोस. हलवणं, गाणं, डोळ्यांत बघणं, थोपटणं, हे सगळं एकदम झालं की ही बाळं आणखी बिघडतात. एका वेळी एकच. थंडीत इथे पारा दहाच्या खाली जातो, त्यामुळे आज्या टोपरं, स्वेटर, वर दुलई घालतात. मग बाळाला घाम येतो, अंग तापतं, आणि तक्त्यावर ताप-घामाचे गुण पडतात. काखेतलं तापमान 36.5 ते 37.5 ठेव आणि गुण द्यायच्या आधी एक थर काढून बघ.

दूध थोडं थोडं आणि लवकर लवकर. ही बाळं हावऱ्यासारखी ओढतात पण चोखणं, गिळणं, श्वास यांचा मेळ बसत नाही. मध्येच थांबव, ढेकर काढ, पुन्हा लाव. अंगावर जमत नसेल तर काढलेलं दूध वाटी-चमच्याने. रडण्या-थरथरण्यात उष्मांक जळतात, जुलाबात पाणी जातं, म्हणून वजन रोज त्याच काट्यावर, त्याच वेळी, उघड्या अंगाने. जन्मवजनापेक्षा दहा टक्के उतरलं तर डॉक्टरांना सांगायला राउंडची वाट बघू नकोस. पातळ शीमुळे ढुंगण सोलवटतं. कोमट पाण्याने धू, टिपून कोरडं कर, झिंक ऑक्साइडचा जाड थर लाव, पहिल्या दिवसापासून, लाल व्हायची वाट न बघता. गुडघे, टाचा, हनुवटी चादरीवर घासून सोलतात, तेही बघ.

औषधाचं डॉक्टर ठरवतील. अफूवर्गीय विथड्रॉलला तोंडाने मॉर्फिन किंवा मेथाडोन, कधी ब्युप्रेनॉर्फिन. त्याने भागलं नाही तर जोडीला फिनोबार्बिटोन किंवा क्लोनिडिन. तुझ्यासाठी एवढंच: मॉर्फिनचा डोस किलोमागे मिलिग्रॅमच्या शंभराव्या हिश्शांत असतो. दशांशचिन्ह एक घर सरकलं तर दहापट. दोघींनी वेगवेगळं गणित करून जुळवा, मगच भरा. डोसनंतर श्वास मोज, सॅच्युरेशन बघ. फिनोबार्बिटोनवर बाळ गाढ झोपतं आणि सगळे खूश होतात. ते पितंय का ते विचार.

आता आई, आणि इथे तुझ्या डॉक्टरांशी नीट बोलावं लागेल. ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोनवर स्थिर असलेल्या, दुसरं काही न घेणाऱ्या आईने अंगावर पाजणं चांगलंच. त्या बाळांना त्रास कमी होतो. ट्रामाडॉल आणि कोडीनचं तसं नाही. काही बायकांच्या शरीरात त्यांचं फार झपाट्याने जोरकस रूपात रूपांतर होतं, ते दुधात उतरतं आणि बाळ सुस्त होऊन श्वास मंदावू शकतो. 2017 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने पाजणाऱ्या आयांनी ही औषधं घेऊ नयेत असा इशारा दिला होता. म्हणून आईच्या कॅप्सूलचं काय करायचं हे तिच्या डॉक्टरांनी आणि बालरोगतज्ज्ञांनी बसून ठरवायचं: हळूहळू कमी करायच्या की बदली औषध द्यायचं, आणि तोवर दूध द्यायचं की नाही. तोवर तिचं दूध दर तीन तासांनी काढत ठेव, नाहीतर निर्णय होईपर्यंत आटेल. कांगारू पद्धतीने, छातीच्या त्वचेला त्वचा लावून घ्यायला मात्र दुधाच्या निर्णयाची वाट बघायची गरज नाही.

तिच्याकडेही बघ. रोजच्या पाच-सहा कॅप्सूल हॉस्पिटलात एकदम बंद झाल्या असतील तर तिलाही विथड्रॉल आहे. जांभया, नाक गळणं, घाम, पोटात कळा, पायांची तळमळ. आम्ही त्याला 'बाळंतिणीचा अशक्तपणा' समजून डिंकाचे लाडू खा म्हणत होतो. अशी तळमळणारी आई बाळाला शांत करू शकत नाही, मग म्हणतात बघा, हिला बाळाची पर्वा नाही. सुई टोचून नशा केली असेल तर एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या तपासण्या झाल्यात का बघ. हिपॅटायटिस बीची लस तर प्रत्येक बाळाला 24 तासांच्या आत.

सिडकोतल्या त्या मुलीला मी चौथ्या दिवशी खुर्चीत बसवलं, गाउनची वरची बटणं सोडून बाळ आत ठेवलं, वरून दुपट्टा. ती भीतीने ताठ बसली होती. 'माझ्यामुळेच झालं ना?' म्हणाली. मी म्हटलं, कारण नंतर बघू, आत्ता फक्त श्वास सावकाश घे. सात-आठ मिनिटांनी बाळाची मूठ उघडली. दिवसभर घट्ट होती ती. बोटं एकेक करून सुटली आणि तिच्या मंगळसूत्रात अडकली. काढायला गेले तर तिने मला खुणेनेच थांबवलं. त्या बाळाला विथड्रॉलचं औषध लागलंच नाही, नवव्या दिवशी घरी गेलं. सगळ्यांचं असं होत नाही, काहींना महिनाभर लागतो.

घरी पाठवताना आजीला समोर बसव. रडकं बाळ घरी गेलं की गुटीत जायफळ वाढतं, कुणी 'झोपेचं' काही चाटवतं. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बायका तान्ह्यांना अफूची बाळगोळी देऊन कामावर जायच्या. ती सवय घराघरांतून पूर्ण पुसली गेली असं मी छातीठोक सांगणार नाही. या बाळाला तर अफूच्या जातीचं कणभरही पुन्हा जाता कामा नये. सुस्त पडलं, पीत नाही, श्वास मंद वाटतो, तर ते 'शांत झालं' असं समजायचं नाही, 108 ला फोन करायचा. झोपवायचं उताणं. किरकिर आणि मोडकी झोप काही आठवडे, कधी काही महिने राहू शकते हे आधीच सांग, म्हणजे घाबरून कुणी उपाय शोधत बसणार नाही. आशाताई घरी येतीलच, त्यांना आईसमोरच आणि आईला विचारूनच सांग. वाढ-विकासाच्या तपासणीची पुढची तारीख कार्डावर लिहून दे.

आणि तू विचारलं नाहीस, पण वॉर्डात कुणीतरी कुजबुजणारच: पोलीस. आईने चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून कॅप्सूल घेतल्या म्हणून सिस्टरने पोलिसांना फोन करायचा नसतो. एनडीपीएस कायद्यातच, कलम 64-अ मध्ये, स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून सूट देण्याची तरतूद आहे. बाळाला घरात खरंच धोका दिसत असेल, मारहाण असेल, सोडून द्यायची भाषा असेल, तर डॉक्टर आणि समाजसेवा अधीक्षकांना सांग. 1098 ही मुलांची हेल्पलाइन आहे, बालकल्याण समिती आहे. बाकी आईला 14446 हा व्यसनमुक्तीचा मोफत नंबर दे. कागदावर नको, कागद सासूच्या हाती लागतो. तिच्या फोनमध्ये 'सिस्टर' नावाने सेव्ह करून दे.